खूण बघून माणूस मागे सरकला पाहिजे

पिवळ्यावर तीन काळी पाती, ही रेडिएशनची खूण एक्सरे रूमच्या दारावर सगळ्यांनी बघितली असेल. 1946 साली कॅलिफोर्नियात बर्कलेच्या लॅबमध्ये या पात्यांचा आकार बनला, तिथल्या लोकांना तिचा अर्थ माहीतच होता. पण ज्याला कुणी कधी सांगितलंच नाही त्याला त्यात पंखा दिसतो, आणि पंख्याला कोण घाबरणार?

2000 साली थायलंडमध्ये बँकॉकजवळ समुत प्राकानला हेच झालं. कॅन्सरच्या उपचाराचं जुनं कोबाल्ट मशीन पार्किंगच्या जागेत पडून होतं, त्याचा भाग भंगारात गेला आणि तिथल्या कामगाराने तो गॅस कटरने कापला. खूण होती हो त्याच्यावर! पण ती कुणाला ओळखता आली नाही, आणि सोबतची सूचना थाई भाषेत नव्हती. तीन माणसं गेली. अशा वेळी कामगाराला अडाणी म्हणणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो, कारण त्याने काय ओळखायचं होतं ते त्याला कळेल असं कुणी काढलंच नव्हतं.

पुढे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि आयएसओने (जगभरची स्टँडर्ड ठरवणारी संस्था) मिळून नवीन खूण केली, पाच वर्षं काम चाललं, 11 देशांत (आपला भारत पण त्यात होता) 1650 लोकांना चित्रं दाखवून विचारलं आणि 2007 मध्ये ती जाहीर केली. लाल त्रिकोण, वर तीच पाती आणि त्यातून निघणाऱ्या लाटा, खाली कवटी, बाजूला बाण आणि पळत सुटलेला माणूस. म्हणजे इथे काय आहे, त्याने काय होईल आणि तू काय कर, तिन्ही गोष्टी एकाच चित्रात आल्या. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तिची जागा, ती दारावर नाही लावायची, रेडिएशन जिथून निघतं त्या सोर्सजवळ मशीनच्या आत लावायची, कव्हर खोलायला घेतलं की मगच दिसेल अशी. भंगारातला माणूस नेमका तिथेच पोचतो ना.

पण ही खूण यायच्या आधीच्या जुन्या मशीनांचं काय? 2010 ला दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-60 (रेडिएशन सोडणारा धातू) असलेलं मशीन आलं आणि एक कामगार दगावला, ते मशीन 1985 पासून वापरात नव्हतं.

अमेरिकेत एएनएसआय या स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थेच्या स्टँडर्डमध्ये खूण तपासायची एक पद्धत आहे, 85 टक्के लोकांनी अर्थ बरोबर सांगायला हवा आणि जीवावर बेतेल असा उलटा अर्थ 5 टक्क्यांपेक्षा जास्त लोकांनी काढता कामा नये. हे 5 टक्केवालं मला जास्त महत्त्वाचं वाटतं, न कळलेला माणूस निदान कुणाला तरी विचारेल, उलटं कळलेला सरळ आत जाईल.

आपल्याकडे एमआयडीसीत बोर्ड इंग्लिश-मराठीत, आणि कॉन्ट्रॅक्टवरची मुलं बिहार, ओडिशाची. 4 मार्चला सेफ्टी डे असतो, शपथ होते, पोस्टर लागतात. त्या दिवशी ऑफिसातल्यांना सोडून हाउसकीपिंग आणि लोडिंगच्या लोकांना खालची अक्षरं झाकून खुणा दाखवा, आणि “हे काय आहे” एवढ्यावर थांबू नका, “हे दिसलं तर तू काय करशील” असं विचारा, आणि ते जे बोलतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. ज्या खुणेवर उत्तरं चुकतील ती त्याच महिन्यात बदला.