दोन एस्प्रेसो यंत्रांतून एक निवडताना

बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या घरी कॉफी म्हणजे चिकोरी घातलेली, फिल्टरमधून थेंबथेंब उतरणारी. चिकमगळूरच्या अरेबिका बिया हाती आल्यावर मात्र एस्प्रेसो घरीच करावी असे मनाने घेतले आणि गेल्या पावसाळ्यात शोधता शोधता मी दोन यंत्रांपाशी येऊन थांबलो. दोन्हींत थर्मोब्लॉक, म्हणजे पाणी आतून वाहताना तापवणारा धातूचा ठोकळा, दोन्हींचा फिल्टर 51 मिलिमीटरचा, किमतीतही फारसा फरक नाही आणि दोन्ही खोक्यांवर ठळक अक्षरांत ‘15 बार’.

हा आकडा मी आधी मनातून काढून टाकला, कारण तो पंपाचा कमाल दाब असतो. कॉफी उतरताना सुमारे 9 बार पुरतात. खरा फरक दुकानात दिसला. दोन्हींच्या बास्केट, म्हणजे कॉफीची पूड भरायच्या धातूच्या वाट्या, मागून घेऊन मी उजेडाकडे धरल्या, तेव्हा एकीतून चाळणीसारखा उजेड आला आणि दुसरीच्या तळाला टाचणीच्या टोकाएवढे एकच छिद्र निघाले. ही दुसरी दुहेरी तळाची. तिच्यात दाब त्या छिद्रामुळे तयार होतो, त्यामुळे जाड दळलेल्या तयार पुडीवरही फेस येतो, पण दळण चुकले आहे की बरोबर, हे कपावरून नीट कळत नाही. मला शिकायचे होते, म्हणून ज्या यंत्रासोबत एकेरी, म्हणजे चाळणीसारख्या एकाच तळाची बास्केटही मिळत होती तेच मी घेतले.

पहिल्या दिवशी मी हिरमुसलो. बाजारातली तयार पूड एकेरी बास्केटमध्ये भरली आणि आठ सेकंदांत फिकट, आंबूस पाणी भळाभळा कपात उतरले. यंत्राचा दोष नव्हता. ग्राइंडरचे पैसे मी हिशेबात धरलेच नव्हते. हाताने फिरवायचा ग्राइंडर आणून, दळण रोज एकेक खूण बारीक करत गेल्यावर आठव्या दिवशी 16 ग्रॅम पुडीतून 27 सेकंदांत 32 ग्रॅम कॉफी उतरली, मधासारखी दाट धार धरून. नव्याने यंत्र घेणाऱ्याने यंत्राआधी ग्राइंडरचे पैसे बाजूला काढावेत, असे मला मनापासून वाटते.

पाण्याचेही पाहावे लागले. आमच्या बोअरच्या पाण्याने किटलीच्या तळाशी पांढरा थर धरतो आणि थर्मोब्लॉकच्या अरुंद वाटेत तोच साचणार, म्हणून यंत्रात राकसकोप जलाशयाचे नळाला येणारे पाणी गाळून भरतो आणि अधूनमधून सायट्रिक आम्लाच्या पाण्याने आतली वाट धुऊन काढतो.