तुम्ही विचारलंत म्हणून: ट्रॅक लगेच का पाठवत नाही?

"दादा, बोराट्याच्या नाळेचा ट्रॅक आहे का?" पाऊस ओसरला की हा प्रश्न सुरू होतो. ट्रॅक म्हणजे चालताना फोनच्या जीपीएसने नोंदलेली वाट, इथे सह्याद्रीतल्या या उतरत्या घळीची. तो आहे, आणि देतोही. पण मागितल्या दिवशी देत नाही, म्हणून काही जण रुसतात.

रायलिंग पठारावरून नाळेत उतरलो तो ट्रॅक घरी उघडून पाहिला, तर फाईलप्रमाणे मी चक्क कड्यावरून चालत गेलो होतो! दोन्ही अंगांना उंच कातळ असले की उपग्रहांचे सिग्नल त्यांवर आपटून उशिरा पोचतात आणि बिंदू भलतीकडेच पडतात. पुढे नाळ अर्ध्यात सोडून लिंगाण्याच्या खिंडीकडे आडवं जायचं. तिथे आम्ही वळण चुकलो, खाली गेलो, वर आलो, पुन्हा चुकलो. त्या जागी स्क्रीनवर रेघांचं नुसतं भेंडोळं दिसतं. ट्रॅक ज्यात साठतो त्या जीपीएक्स फाईलला वाट आणि फजिती यांतला फरक कळत नाही, ती दोन्ही सारख्याच इमानाने लिहून ठेवते. म्हणून आधी भेंडोळं कापतो, वळणावर खूण टाकतो, पाण्याची जागा लिहितो. माझ्या घराच्या दारापासूनचा तुकडाही उडवतो, तो जगाला कशाला?

दुसरी तक्रार सरकारी छापील नकाशा, म्हणजे टोपोशीट, स्कॅन करून ॲपमध्ये वापरणाऱ्यांची: "तुमचा ट्रॅक टोपोशीटवर बसत नाही." बसणार कसा? रायगडाची जुनी शीट, ४७ एफ/८, सर्वेक्षक जॉर्ज एव्हरेस्टच्या १८३० सालच्या पृथ्वीच्या मापांवर बेतलेली. फोनचं जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या नव्या, जागतिक मापांवर चालतं. शीटच्या कोपऱ्यांवरचे अक्षांश-रेखांश तसेच ॲपमध्ये भरलेत, तर आपल्याकडे सगळा नकाशा शंभर मीटरहून जास्त सरकतो. सह्याद्रीत तेवढ्यात शेजारची घळ लागते. शीट ॲपमध्ये बसवताना (कॅलिब्रेट करताना) डेटम, म्हणजे मापांचा पाया, एव्हरेस्ट निवडा, बहुतेक भांडण तिथेच मिटतं. २००५ च्या नकाशा धोरणानंतरच्या खुल्या शीट मुळातच डब्ल्यूजीएस ८४ वर आहेत, त्यांना हा खटाटोप नको.

आणि शीट नीट बसली तरी १:५०,००० वर दोन समोच्च रेषांत (सारखी उंची जोडणाऱ्या रेषांत) उंचीचं वीस मीटरचं अंतर असतं. पंधरा मीटरचा कातळटप्पा त्यांच्यामध्ये बेमालूम लपतो. दोर लागणारा टप्पा मी हाताने लिहितो तो यासाठी.

बोराट्याचा ट्रॅक आता साफ झालाय. फाईलच्या नावात 'फेब्रुवारी' आहे, ते मुद्दाम. तुम्ही ऑक्टोबरात निघाला असाल तर वाट गवतात बुडालेली असेल, मोहरी गावातून कुणी माहितगार सोबत घ्या.