गुबगुबीत कालव

कालवाला अँटिबॉडी नसतात. त्याची सगळी भिस्त रक्तपेशींवर, म्हणजे हिमोसाइटवर. शिंपल्याची कड घासायची, मिटवणाऱ्या स्नायूजवळ सुई घालायची आणि हिमोलिम्फ, म्हणजे कालवाचं रक्त, ओढायचं. बर्फावर ठेवलं नाही तर बघता बघता गुठळ्या होतात. काचेवर थेंब टाकला की गोल पेशी पाय फुटल्यासारख्या पसरू लागतात, पुढ्यात यीस्टचा कण आला तर वेढून गिळतात. मला हे तासन् तास बघायला आवडतं.

मे महिन्यात रत्नागिरीजवळच्या खाडीतली कालवं आणली होती. खडपावर बसून ती फोडणाऱ्या मावशी म्हणाल्या होत्या, "औंदा कालवात दम नाय गो, नुसतं पाणी." अंडी सोडून झाल्यावर कालव पाणचट होतंच, तेवढ्यावरून रोग म्हणता येत नाही. रीतीप्रमाणे कल्ल्यांचे तुकडे थायोग्लायकोलेटच्या माध्यमात घालून अंधारात ठेवले. पर्किन्सस नावाचा परजीवी शोधायची सॅमी रे यांची ही १९५२ची पद्धत. पीसीआर आलं तरी टिकून आहे, कारण स्वस्त आहे.

आठवडाभराने तुकडे स्लाइडवर चिरडून लुगॉलचं आयोडीन टाकलं. तपकिरी चोथ्यात निळेकाळे गोळे, काही बारीक, काही भलेमोठे. पर्किन्सस! एका कालवात तर मोजणं सोडून द्यावं इतके. आणि हे कालव दिसायला सगळ्यांत गुबगुबीत. पाणचटांपैकी बरीच स्वच्छ निघाली.

या परजीवीला गिळलं जाणं सोयीचंच पडतं. अमेरिकेतल्या कालवांवरच्या कामातून हे ठाऊक आहे: हिमोसाइट त्याला गिळते, पण मारू शकत नाही, तो आतच वाढतो आणि तीच पेशी त्याला अंगभर फिरवते. म्हणजे गिळण्याची जी टक्केवारी मी 'प्रतिकारशक्ती चांगली' म्हणून वहीत मांडते, ती दर वेळी कालवाच्या बाजूची असेलच असं नाही. वाचलेलं होतं हे, पण त्या स्लाइडने झोप उडवली.

पर्किन्ससची जात कोणती, हे आयोडीन सांगत नाही. ओल्सेनी निघाली तर ती जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या यादीतली, कळवावं लागतं. बेहायएन्सिस त्या यादीत नाही. उरलेले कल्ले अल्कोहोलमध्ये होते, ते सिक्वेन्सिंगला पाठवले.

मावशींना फोन केला. पहिला प्रश्न, "मग खायची का नाय?" हा जीव माणसाला बाधत नाही, म्हटलं. "आणि पावसात जायल का तो?" नेमका प्रश्न. त्याला खारं, उबदार पाणी मानवतं. गोडं पाणी शिरलं की जोर ओसरतो, पण पुरता जात नाही. म्हणून पाऊस उतरल्यावर त्याच खडपावरची कालवं पुन्हा घ्यायचं ठरवलं.

"घे की," मावशी म्हणाल्या, "पण तेव्हाचा भाव येगळा."