ओले आहे

जुलैतली गोष्ट. सदाशिव पेठेतून फोन आला. "मिस्त्री, पुस्तकांचं कपाट मी घरीच केलंय. सुतारकाम उत्तम झालंय, फक्त रंग बिघडलाय. नुसतं बघायला येण्याचे पैसे घेता का?"

नाही म्हटलं आणि गेलो. पॉलिशच्या धंद्यात 'घरीच केलंय' हे शब्द ऐकले की माझ्या पोटात गोळा येतो. हौशी माणसाचं कपाट सरळ करण्यापेक्षा नवीन करणं स्वस्त पडतं.

तिसरा मजला, लिफ्ट नाही. पुस्तकं जमिनीवर उंचीप्रमाणे मांडलेली. कपाट पाईनचं, पाच खणांचं. मी मुद्दाम जोर लावून हलवलं, हललं नाही. गुण्या लावला, काटकोन चोख. तीन फुटांची फळी, जाडी पाऊण इंच. जाडजूड कोश चढले की झोळी होणार, असं म्हणायला तोंड उघडलं तर मधे उभी फळी दिलेली! काका नुसते माझ्याकडे बघत होते. लाकूड भोसरीच्या भंगारातलं, परदेशी यंत्रांच्या खोक्यांचं. एका फळीच्या पाठीवर 'एचटी'चा शिक्का त्यांनी हौसेनं राखला होता. म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं, आतली कीड मेलेली. "एमबी शिक्क्याचं घेतलं नाही, त्याला विषारी वायूची धुरी देतात," काका म्हणाले. हे मला वीस वर्षांत कुणी गिऱ्हाइकानं ऐकवलं नव्हतं.

पण रंग! अक्रोडी स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा रंग, मारलेला आणि कपाटाला कोड फुटल्यासारखं दिसत होतं. पाईनमधला मऊ भाग स्टेन ढसाढसा पितो, कडक रेघ पीत नाही, म्हणून चट्टे. फळ्यांची टोकं तर काळीठिक्कर. आणि प्रत्येक सांध्याजवळ फिकट, लांबट ठिपके, चार-चारच्या ओळीत. मी टॉर्च धरला. बोटं! फेविकॉल बाहेर आला तो काकांनी बोटानं पुसला, मग त्याच हातानं फळी धरली. सुकल्यावर काही दिसत नाही. स्टेन पडला की चोरी उघडी.

"स्टेन लावायच्या आधी ओलं फडकं फिरवलं होतंत?"

"त्यानं काय होतं?"

"लाकूड गडद होतं, गोंद तसाच राहतो. दिसतो."

काका पहिल्यांदाच गप्प झाले. आतून काकूंचा आवाज आला, "मी म्हटलं होतं हात धुवा."

दीड दिवस मी नुसतं खरवडत होतो. गोंद आत मुरलेला असला की पॉलिश पेपर वरवरच फिरतो. तिथे काचेचा तुकडाच लागतो. मग ८०, १२०, १८० नंबरचे पेपर, आणि टोकांना २२०, म्हणजे ती कमी पितात. ओलं फडकं काकांनी स्वतः फिरवलं, भिंग घेऊन. लाकूड सुकल्यावर पेपर पुन्हा हलका फिरवला आणि लिटरभर स्पिरिटमध्ये शंभरेक ग्रॅम लाखेची चपडी, इतक्या पातळ पॉलिशचा एक हात दिला. त्यानं लाकडाची तहान सगळीकडे सारखी होते. वर टर्पेंटाईनमधला स्टेन. स्पिरिटचा घेतला असता तर चपडीच उचकटून आला असता. चट्टे पूर्ण गेले नाहीत. पाईन शेवटी पाईन. पण आता ते लाकडाचेच वाटत होते.

वॉर्निशचा शेवटचा हात दिला. पावसाळी हवा, वाळायला रात्र जाणार. काकांनी लगेच पाटी लिहून टांगली : 'ओले आहे. हात लावून खात्री करू नये.'

सकाळी गेलो तर वरच्या फळीवर, अगदी मधोमध, एक स्वच्छ अंगठा उमटलेला.

घरात माणसं दोन. मी काकूंकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता," काकू म्हणाल्या, "माझा हात तिथवर पोचतो का?"

काका चहा घेऊन आले. उजवा अंगठा बशीखाली होता.