चार मानाचा गेंडा: सीज ऱ्हायनो तोलून पाहताना

मॅजिक: द गॅदरिंग या कार्डांच्या खेळात नवा खेळाडू क्रीचरचा (लढणाऱ्या प्राण्याच्या कार्डाचा) मजकूर आधी वाचतो, मुरलेला खेळाडू खालच्या उजव्या कोपऱ्यातले आकडे. सीज ऱ्हायनोच्या बाबतीत दोघंही खूश होतात, म्हणूनच बहुतेक जण या कार्डाची ताकद चुकीच्या जागी शोधतात. 2014 च्या ‘खान्स ऑफ तारकीर’मधलं हे रेअर. किंमत चार माना (कार्ड खेळायला लागणारी ऊर्जा, मुख्यतः लँड कार्डांतून मिळणारी): एक कुठलाही, एक पांढरा, एक काळा, एक हिरवा. 4/5 (4 ही हल्ल्याची ताकद, 5 हा टफनेस, म्हणजे मरायला लागणारं डॅमेज), ट्रॅम्पल (ब्लॉकरला मारून उरलेलं डॅमेज खेळाडूला लागतं). मैदानात उतरताच प्रत्येक प्रतिस्पर्ध्याचं 3 लाइफ जातं आणि आपल्याला 3 मिळतं.

आधी मजकूर झाकून फक्त अंग बघायचं. चार मानाला जुना मापदंड म्हणजे हिल जायंट, 3/3, बाकी काही नाही. 2013 च्या कोअर सेटमधला रम्बलिंग बॅलॉथ चार मानाला 4/4 होता, तोही कोरा. गेंडा कोरा असता तरी या दोघांच्या वर बसला असता. पण इथे थांबलं तर निम्मंच मोजमाप होतं, कारण आकडे चांगले की वाईट हे समोरच्याच्या हातात काय आहे यावर ठरतं.

म्हणून दुसरं काम: त्या फॉरमॅटमधल्या (कुठली कार्डं चालतात ते ठरवणाऱ्या खेळप्रकारातल्या) रिमूव्हलची, म्हणजे क्रीचर मारणाऱ्या कार्डांची, यादी समोर ठेवायची. गेंडा स्टँडर्डमध्ये (फक्त अलीकडच्या सेटच्या फॉरमॅटमध्ये) आला तेव्हा लाइटनिंग स्ट्राइक 3 डॅमेज करत होतं, अँगर ऑफ द गॉड्स सगळ्यांना 3, बाइल ब्लाइट -3/-3 (दोन्ही आकडे 3 ने कमी), स्टोक द फ्लेम्स 4. पुढे 2015 मध्ये लँग्विश आलं, सगळ्यांना -4/-4. टफनेस 5 या प्रत्येकातून वाचतो. तीन मानाचा मँटिस रायडर (3/3, फ्लाइंग म्हणजे उडणारा, हेस्ट म्हणजे आल्याच टर्नला हल्ला, व्हिजिलन्स म्हणजे हल्ला करूनही ब्लॉकला मोकळा) हल्ल्यात कितीतरी भारी, पण दोन मानाच्या स्ट्राइकने तो जातो. माझ्या मते गेंड्याची खरी ताकद हा 5 आहे, 3 लाइफची वसुली नव्हे. आणि हाच 5 उलटलाही: ‘ड्रॅगन्स ऑफ तारकीर’मध्ये रोस्ट आलं, दोन मानाला बरोबर 5 डॅमेज, फक्त न उडणाऱ्यांना. व्हॅलरस स्टान्स तर टफनेस 4 किंवा जास्त असेल तरच मारतं. कार्ड तेच राहिलं, भाव बदलला.

आता ती वसुली. 20 लाइफच्या प्रतिस्पर्ध्याला एकट्या गेंड्याने मारायला किती हल्ले लागतात? 4 च्या हिशेबाने पाच. वसुलीनंतर 17 उरतात, तरीही पाचच! मग उपयोग काय? समोरच्याने एक फेच लँड (डेकमधून दुसरा लँड शोधून आणणारा लँड) फोडून स्वतःचं 1 लाइफ घालवलं की 16 उरतात आणि चार हल्ले पुरतात. वसुली नसती तर 19 ला पाचच लागले असते. त्या काळी फेच लँड आणि पेन लँड (रंगीत माना देताना 1 लाइफ घेणारे) जवळजवळ प्रत्येक डेकमध्ये होते, त्यामुळे हा एक पॉइंट बहुतेक वेळा आयताच मिळायचा. बचावाच्या बाजूने हिशेब आणखी सरळ आहे: मिळालेले 3 म्हणजे मँटिस रायडरचा एक अख्खा हल्ला फुकट.

दुसरा फायदा, गेंडा मेल्यावरही हिशेबात काहीतरी उरतं. हीरोज डाउनफॉल तीन मानात त्याला मारतं, म्हणजे कार्डाला कार्ड गेलं, मानात समोरचा एकाने पुढे. पण 3-3 लाइफची उलथापालथ झालेली असतेच. ट्रिगर (उतरल्यावर आपोआप सुरू होणारी ती वसुली) स्टॅकवर, म्हणजे पार पडण्याच्या रांगेत, असताना गेंडा मारला तरी ट्रिगर पार पडतो. नवखे इथे हमखास फसतात. मात्र डिझॉल्व्हसारख्या काउंटरने (खेळलं जाणारं कार्ड रद्द करणाऱ्या कार्डाने) तो कास्ट होतानाच रोखला तर काहीच मिळत नाही, कारण ट्रिगर मैदानात उतरण्याचा आहे. ब्लू कंट्रोलसमोर (काउंटर वापरणाऱ्या निळ्या डेकसमोर) याच कारणाने गेंड्याची किंमत चांगलीच घसरते.

बोर्ड अडकला असेल तर गेंडा वाटतो तितका भेदक नाही. गेंड्यासमोर गेंडा उभा राहिला तर 4 डॅमेज 5 टफनेसला पुरत नाही, दोघंही जिवंत. पोलुक्रॅनॉस (5/5) त्याला मारून स्वतः वाचतो. ट्रॅम्पलचा हिशेब ब्लॉकरच्या टफनेसवर चालतो: गॉब्लिन टोकन (1/1) आडवं आलं तर 3 आरपार, सिल्व्हन कॅरियाटिड (0/3) आली तर 1, आणि कोर्सर ऑफ क्रूफिक्स (2/4) आला तर शून्य, फक्त कोर्सर मरतो.

खरी किंमत चार माना नाही, तीन रंग आहेत, आणि गाडं इथेच अडतं. 60 कार्डांच्या डेकमध्ये एखाद्या रंगाचे 12 सोर्स (तो रंग देणारी कार्डं) असतील आणि आपण पहिले खेळत असू, तर चौथ्या टर्नपर्यंत बघितलेल्या 10 कार्डांत त्या रंगाचा एकही सोर्स नसण्याची शक्यता सुमारे 9 टक्के. तिन्ही रंगांचा धोका एकत्र धरला तर तो 25 टक्क्यांच्या घरात जाऊ शकतो. 14 सोर्स केले की प्रत्येक रंगामागे साडेपाच टक्क्यांच्या आसपास येतो. मोजताना विंडस्वेप्ट हीथ हा फेच लँड हिरव्यातही धरला जातो आणि पांढऱ्यातही, पण फोडल्यावर साध्या फॉरेस्ट-प्लेन्सपैकी एकच आणतो. सँडस्टेप सिटाडेल हे लँड तिन्ही रंग देतं, पण टॅप होऊन येतं, म्हणजे त्या टर्नला माना देत नाही. ते पहिल्या टर्नला टाकायचं. चौथ्यासाठी ठेवलं तर गेंडा पाचव्याला उतरतो. उलट दुसऱ्या टर्नला माना देणारी कॅरियाटिड पडली तर तो तिसऱ्यालाच येतो. ऑक्टोबर 2014 मध्ये होनोलुलूची प्रो टूर (मॅजिकची व्यावसायिक स्पर्धा) ॲरी लॅक्सने अबझान (पांढरा-काळा-हिरवा) मिडरेंज डेकने जिंकली, त्या डेकचा कणा हाच गेंडा होता.

व्हिप ऑफ एरेबॉस हे कार्ड सोबत असेल तर गणित वेगळंच होतं. व्हिपने तुमच्या सगळ्या क्रीचर्सना लाइफलिंक (केलेल्या डॅमेजइतकं लाइफ) मिळते. चार मानात ग्रेव्हयार्डातला (मेलेल्या-वापरलेल्या कार्डांच्या ढिगातला) गेंडा हेस्टसह परत येतो, 3 वसूल करतो, ब्लॉक झाला नाही तर 4 मारतो आणि तितकंच लाइफ मिळवून देतो: एका टर्नमध्ये 14 चा फरक. टर्न संपताना तो एक्झाइल होतो (खेळाबाहेर जातो), त्यामुळे तोच गेंडा पुन्हा वापरता येत नाही.

फॉरमॅट बदलला की सगळं पुन्हा मोजायचं. मॉडर्नमध्ये (जुनी कार्डंही चालणाऱ्या फॉरमॅटमध्ये) फेटल पुश हे कार्ड रिव्होल्ट लागू असताना (त्या टर्नला स्वतःचं काही मैदानातून गेलं असताना) एका मानात त्याला उडवतं. कमांडर या फॉरमॅटमध्ये तीन प्रतिस्पर्धी असतील तर प्रत्येकाचे 3 जातात, पण तुम्हाला 9 नाही, 3 च मिळतात, आणि तिथे प्रत्येक जण 40 लाइफवर सुरू करतो.