उजनीचा टक्का आणि डॅन्यूबची पातळी

सोलापुरात वाढलेल्या माणसाची नदी दारात नसते. ती पंढरपुरात असते, नाहीतर नळातून येते, तीही चार-पाच दिवसांआड. पावसाळ्यात आमच्या घरी पेपर उघडला की आधी उजनीचा टक्का बघायचा. धरणाचा टक्का उणेही असतो, हे पुण्यातल्या मैत्रिणींना पटवता पटवता मी दमायचे. ११७ टीएमसीचं धरण, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे शून्य टक्क्याच्या खालचं पाणी, आणि उन्हाळा लांबला की आपण तोच पितो. अशा घरातली मुलगी सध्या डॅन्यूबच्या काठावर राहते. रोज नदीकडे बघते, पण कौतुकानं कमी आणि हिशेबानं जास्त.

गावाचं नाव रेगेन्सबुर्ग, जर्मनीच्या दक्षिणेला, बायर्न (बव्हेरिया) राज्यात. नवऱ्याची नोकरी इथे, म्हणून आलो. नदीच्या दक्षिणेला जुनं शहर आणि उत्तरेला श्टाटआमहोफ नावाची पेठ, दोन्ही मिळून २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. आम्ही राहतो ते श्टाटआमहोफमध्ये, दुसऱ्या मजल्यावर, भाड्यानं. १९२४ पर्यंत हे वेगळं गाव होतं. आमच्या खाली राहणाऱ्या आजी पूल ओलांडायला निघाल्या की आजही "शहरात जाऊन येते" म्हणतात. १८०९ मध्ये नेपोलियन आणि ऑस्ट्रियाच्या लढाईत ही पेठ जळाली, त्यामुळे आमच्याकडची घरं पलीकडच्या मानानं 'नवी'. त्याच लढाईत नेपोलियनच्या पायाला गोळी चाटून गेली होती. इथल्या लोकांना ते सांगायला फार आवडतं.

दोन्ही काठांना जोडतो तो दगडी पूल. ११३५ मध्ये काम सुरू झालं आणि अकरा वर्षांत संपलं. काम सुरू झालं त्या वर्षी कडक उन्हाळा पडला, नदी आटली, म्हणून पाया घालणं जमलं असं सांगतात. हे ऐकून मला बाहत्तरच्या दुष्काळातली आजोबांनी सांगितलेली कामं आठवली: खडी फोडणं, तलाव खोदणं. पाणी नाही तेव्हाच पाण्याची कामं होतात, हे दोन्हीकडे सारखंच म्हणायचं.

पुलाचे खांब बेताचे नाहीत. पायथ्याशी होडीच्या आकाराचे दगडी ओटे बांधून ते जपलेत, आणि त्या ओट्यांमुळे नदीला जायला वाट उरते ती अरुंद. पाणी कमानीतून घुसतं आणि पलीकडे गरागरा भोवरे होतात. उन्हाळ्यात वरच्या अंगाला पोरं खुशाल नदीत पडलेली असतात, पण पुलाजवळ पोहणं म्हणजे जिवाशी खेळ. १९९७ मध्ये पुलावरून खासगी गाड्या बंद झाल्या, २००८ मध्ये बसही. नंतर २०१८ पर्यंत दुरुस्ती चालली. आता फक्त चालणारे आणि सायकलवाले. पूल ओलांडताना मला हमखास पंढरपूरचा जुना दगडी पूल आठवतो. उजनी आणि वीर धरणांचं पाणी सुटलं की तो पाण्याखाली गेल्याची बातमी ठरलेली. इथला पूल उंच, तो बुडत नाही. बुडतात ती काठावरची तळघरं.

तळघर हा प्रकार आपल्याकडे घराघरात नसल्यामुळे मला त्याची आधी कल्पना नव्हती. इथे प्रत्येक भाडेकरूला खाली एक लाकडी फळ्यांची खोली मिळते. सायकल, बॅगा, हिवाळ्याचे टायर, लोणच्याच्या बरण्या, सगळं तिथे. आमच्या इमारतीत मात्र वॉशिंग मशीन आणि विजेचे मीटर पहिल्या मजल्याच्या जिन्यावर टांगलेले. घर बघायला आलो तेव्हा मला ते विचित्र वाटलं होतं. मग आजींनी तळघराच्या जिन्यातली भिंत दाखवली. चुन्यावर पेन्सिलीनं आडव्या रेघा आणि बाजूला साल: १९८८, २००२, २०१३. सगळ्यात वरची २०१३ ची, माझ्या खांद्याशी येणारी. "या रेघेच्या खाली किमती वस्तू ठेवायची नाही," एवढाच त्यांचा नियम. भाडेकरारातल्या वीसेक पानांपेक्षा मला तोच कामाचा वाटला.

रेगेन्सबुर्गची गोम अशी की पाणी तीन दिशांनी येतं. शहराच्या जरा वर नाब नदी डॅन्यूबला मिळते, आणि रेगेन नदी तर उत्तरेकडून थेट शहरातच. त्याशिवाय आल्प्सकडून येणाऱ्या नद्या आधीच डॅन्यूबमध्ये ओतून बसलेल्या असतात. तिकडे पाऊस झाला की इथे आकाश कोरडं असतानाही पाणी चढतं. नाशिकला ढगफुटी झाली की पैठणच्या लोकांचा जीव वर-खाली होतो, तसंच.

२०२४ च्या जूनमध्ये मी ते पाहिलं. ३ जूनच्या संध्याकाळी शहरानं आपत्ती जाहीर केली आणि पातळी सहा मीटरच्या वर गेली, एरवीच्या जवळपास दुप्पट. त्याच्या आधीच काठावर माणसं कामाला लागली होती. फरसबंदीत लोखंडी झाकणं असतात, त्यांच्यावरून आपण रोज चालतो आणि लक्षही जात नाही. ती उघडली, आत खांब रोवले, खांबांच्या खाचांत ॲल्युमिनियमच्या फळ्या एकावर एक सरकवल्या, आणि बघता बघता भिंत उभी. आरडाओरडा नाही, पुढाऱ्यांची पाहणी नाही (ती नंतर झाली, फोटोसकट). गोणपाटात वाळू भरायला शेजारच्या गल्लीतली कॉलेजची मुलं आली होती.

पण भिंत नदी अडवते, जमिनीतलं पाणी नाही. आमच्या तळघरात नदी आलीच नाही, फरशीच्या सांध्यांतून पाणी वर आलं. स्वच्छ, गार, अगदी विहिरीसारखं. मी पंप आणायला निघाले तर आजींनी हात धरून थांबवलं. बाहेर जमीन पाण्यानं फुगलेली असताना आतलं पाणी उपसलं तर खालचा दाब फरशी उचलतो, भिंतीला तडे जातात. पातळी उतरू द्यायची आणि मग उपसायचं. आम्ही जिन्याच्या पायऱ्यांवर बसून पाणी कोणत्या पायरीशी आहे ते बघत राहिलो. वरून तिसऱ्या रेघेच्याही खूप खाली थांबलं. नवी रेघ मारायची का, यावर इमारतीत चर्चा झाली. आजी म्हणाल्या, एवढ्याशा पाण्यासाठी पेन्सिल कशाला.

या सगळ्यात सोलापुरात बाबा काय करत होते? तर नदीची पातळी बघत होते. इथल्या सरकारी संकेतस्थळावर दर पंधरा मिनिटांनी आकडा बदलतो, तो दुवा मी एकदा पाठवला आणि पस्तावले. पहाटे फोन: "वाढलंय की गं चार सेंटीमीटर. झोपलीस काय तू?" आता पावसाळ्यात ते उजनी आणि डॅन्यूब दोन्ही बघतात. मागे २०२५ च्या सप्टेंबरात आमच्याकडच्या सीना नदीला पूर आला तेव्हा मात्र त्यांना असा पंधरा मिनिटांचा आकडा कुठे मिळेना. बातम्या आणि व्हॉट्सॲपच्या व्हिडिओंवर भागवावं लागलं. नदीकाठच्या गावांत लोक छपरावर बसलेले आणि इकडे आम्हाला पाणी चढतंय की उतरतंय तेही कळेना.

पुराचं कौतुक पुरे. रोजचं जगणं छळतं ते वेगळ्याच गोष्टींनी. वारसा इमारत असल्यामुळे खिडकी बदलायचीही परवानगी लागते. आमची स्वयंपाकघराची खिडकी लाकडी, वाकलेली. अर्ज मालकांनी केला, मग कागद, मग लाकूड कोणतं, मग रंग कोणता. तो अख्खा हिवाळा आम्ही फटीला सोलापुरी चादर लावून काढला, आणि तिनं काम चोख केलं. लिफ्ट नाही. दगडी फरसबंदीवर बाबागाडी ढकलली की मनगटं बोलतात. नोव्हेंबरात नदीवरून धुकं उठतं ते दिवसेंदिवस हटत नाही, समोरचे कॅथेड्रलचे मनोरेही दिसत नाहीत. उन्हाळ्यात नदीतल्या बेटावर आणि पुलावर मध्यरात्रीपर्यंत बाटल्यांचा खणखणाट.

आणि पर्यटक. नदीतून तीन मजली क्रूझ बोटी येतात, झेंडीमागे माणसांच्या रांगा उतरतात, पुलाशेजारच्या जुन्या सॉसेजच्या खानावळीत गर्दी करतात (तिच्या भिंतीवरही पुराच्या खुणा आहेत, अगदी डोक्याच्या वर), आणि चहाच्या वेळेला बोटीवर परत. मला त्यांचा राग नाही, मीही प्रागला जाऊन तेच करते. पण इथे राहून एक गोष्ट पक्की झाली: जुनी पेठ टिकते ती दगडांमुळे कमी आणि तिथे धुणी वाळत घालणाऱ्या लोकांमुळे जास्त. श्टाटआमहोफमध्ये अजून शाळकरी मुलं आहेत, आजी आहेत, भांडणंही आहेत. वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि उन्हाळ्याच्या शेवटी, इथे 'डुल्ट' नावाची जत्रा भरते. उंच पाळणे, बिअरचे तंबू, आणि एका बाजूला झाडू, तवे, मसाले, लोकरी मोजे विकणारे फेरीवाले. सोलापुरात होम मैदानावर भरणाऱ्या गड्डा जत्रेत आई दरवर्षी पोळपाट-लाटणं बघायची, घ्यायची मात्र क्वचित. मी इथे ब्रश बघते.

सोलापूरच्या पेठांतले वाडे पडतात तेव्हा आपण मालकाच्या नावानं बोटं मोडतो. पण त्या वाड्यात जिना मोडका, न्हाणीघर अंगणाच्या टोकाला आणि दुरुस्तीला पैसे नाहीत, मग पोरं जुळे सोलापूरसारख्या नव्या वस्तीत फ्लॅट घेणार नाहीत तर काय. इथेही नियम जाचक आहेत, पण वारसा इमारत दुरुस्त करणाऱ्या मालकाला करात सवलत मिळते, म्हणून तो निदान चिडचिड करत का होईना, दुरुस्ती करतो.

बाबा पुढच्या मे महिन्यात येणार म्हणतायत, डुल्टच्या वेळेला. शेंगाचटणी आणि कडक भाकरी आणा म्हणून सांगितलंय. विम्याच्या कागदांची एक प्रतही दाखवणार आहे, कारण साध्या घरविम्यात पुराचं नुकसान धरत नाहीत, वेगळं कलम घ्यावं लागतं, आणि असल्या कागदांतलं बारीक अक्षर वाचण्यात आमच्या घरात त्यांचा हात कोणी धरत नाही.