लाल शाईचे पत्र

अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी अभिलेखपाल म्हणून नोकरी करते. हे काम समजावून सांगायला लागले की बार्शीकडच्या माझ्या नातेवाइकांना तहसील कचेरीतली रेकॉर्ड रूम आठवते, आणि त्यांचे फारसे चुकतही नाही. तिथे कसर आणि उंदीर असतात, इथे आमची झुंज गंजलेल्या स्टेपलांशी असते. २०१९ च्या फेब्रुवारीत माझ्या टेबलावर एका दिवंगत सिनेटरची कागदपत्रे आली. पन्नास वर्षे ती कोणाला दाखवायची नाहीत, अशी देणगीच्या करारातली अट होती आणि तिची मुदत नुकतीच संपली होती. सिनेटरसाहेबांचे नाव सांगण्याचे कारण नाही. डेमोक्रॅटिक पक्षाचे, उदारमतवादी म्हणून ओळखले जाणारे, राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या प्रत्येक सामाजिक कायद्याच्या बाजूने मत दिलेले आणि व्हिएतनामविषयी बोलायची वेळ आली की घसा खाकरून विषय बदलणारे, असे ते गृहस्थ होते.

या संग्रहात मतदारांच्या पत्रांचीच खोकी सर्वाधिक होती. अशी सगळी पत्रे जपून ठेवायची म्हटले तर कोणत्याच ग्रंथालयाला जागा पुरणार नाही, म्हणून त्यांचा नमुना काढण्याची पद्धत आहे. आमच्याकडे ठरलेला नियम असा होता, की प्रत्येक फोल्डरमधले दर दहावे पत्र ठेवायचे आणि उरलेली नऊ लगद्याच्या पेटीत टाकायची. नियम निर्दय वाटतो, पण तो प्रामाणिक आहे. कोणते पत्र मला आवडले आणि कोणते नाही, याला त्यात वाव नसतो. त्या दिवशी सकाळी आठ वाजता मी पातळ पोलादी पट्टीने स्टेपल उचकटत, एक ते दहा मोजत कामाला लागले. बाहेर उणे अठरा तापमान होते आणि आत तळघरातला हीटर नेहमीसारखा कण्हत होता.

सिनेटरांच्या कार्यालयाने पत्रांची वर्गवारी तेव्हाच करून ठेवलेली होती. ‘व्हिएतनाम : बाजूने’ आणि ‘व्हिएतनाम : विरोधात’ असे दोन ढीग दरवर्षी वेगळे लावलेले होते. प्रत्येक ढिगावर आठवड्याची मोजणी होती, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, आपल्याकडे दूधवाले मारत तशी. राजकारण्याच्या दृष्टीने पत्राचा उपयोग तेवढाच असतो, हे मला मान्य आहे. परंतु तासाभरात माझ्या लक्षात आले, की एकच हस्ताक्षर मला पुन्हा पुन्हा भेटते आहे. निळी-काळी शाई, उजवीकडे सारखीच कललेली अक्षरे, महत्त्वाच्या शब्दाखाली पट्टी धरून मारलेली रेघ. ही बाई शाळेत शिकवत असणार, असे मी मनाशी म्हटले, आणि चौथ्या पत्रात तिने ते स्वतःच सांगितलेले निघाले: एकोणतीस वर्षे इंग्रजी शिकवून ती निवृत्त झाली होती.

मग मी मोजणे थांबवले आणि दुपारपर्यंत फक्त तिचीच पत्रे शोधली. १९६४ ते १९६८ या काळातली सात पत्रे मिळाली, आणि ती सात वेगवेगळ्या फोल्डरांत पडलेली होती.

पहिले पत्र नोव्हेंबर १९६४ मधले, ‘नागरी हक्क’ या फोल्डरमधले. त्या वर्षीच्या २ जुलैला नागरी हक्क कायदा झाला होता आणि तिने जॉन्सन यांना मत दिले होते. मत देण्याचे दुसरे कारण तिने ओळीखाली रेघ मारून लिहिले होते: आशियाई मुलांनी करायचे काम करायला अमेरिकन मुलांना हजारो मैल दूर पाठवणार नाही, असे राष्ट्राध्यक्षांनी ऑक्टोबरमध्ये ओहायोत जाहीरपणे सांगितले होते, आणि त्या शब्दावर आपण विसंबलो आहोत. व्हिएतनाममध्ये लष्करी कारवाईची मोकळीक राष्ट्राध्यक्षांना देणारा टोंकिनच्या आखाताचा ठराव तेव्हा तीन महिने जुना होता. प्रतिनिधिगृहात त्याच्याविरुद्ध एकही मत पडले नव्हते. सिनेटमध्ये अठ्ठ्याऐंशी विरुद्ध दोन अशा मतांनी तो संमत झाला. ते दोन म्हणजे ओरेगनचे वेन मोर्स आणि अलास्काचे अर्नेस्ट ग्रुएनिंग. आमचे सिनेटर अठ्ठ्याऐंशींत होते.

दुसरे पत्र ऑगस्ट १९६५ चे. वृद्धांच्या आरोग्यविम्याचा, म्हणजे मेडिकेअरचा कायदा आणि मतदान हक्क कायदा एका आठवड्याच्या अंतराने झाले होते, आणि पत्राची पहिली दोन पाने निव्वळ कृतज्ञतेची आहेत. तिच्या बहिणीचे दवाखान्याचे बिल, तिच्या एका जुन्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याची अलाबामातली आई, सगळे त्यात आहे. तिसऱ्या पानाच्या तळाशी मात्र एक प्रश्न आहे. २८ जुलैला राष्ट्राध्यक्षांनी व्हिएतनाममधले सैन्य पंचाहत्तर हजारांवरून सव्वा लाखावर नेण्याची घोषणा केली. ओहायोतल्या त्या शब्दाचे पुढे काय झाले? कार्यालयातल्या कोणीतरी पहिले पान वाचले, तिसरे वाचले नाही, आणि पत्र ‘बाजूने’ या ढिगात गेले.

तिसऱ्या पत्रात, फेब्रुवारी १९६६ मध्ये, ती चिडलेली आहे. सिनेटर फुलब्राइट यांच्या परराष्ट्र समितीपुढची सुनावणी दूरचित्रवाणीवर चालू होती. १० फेब्रुवारीला जॉर्ज केनन यांची साक्ष होती. साम्यवादाला आवर घालण्याचे धोरण ज्यांनी मांडले तेच केनन आता व्हिएतनाम हे त्या धोरणाचे ठिकाण नव्हे असे सांगणार होते, आणि सीबीएसने ती साक्ष न दाखवता एका जुन्या विनोदी मालिकेचा भाग पुन्हा दाखवला. त्या निर्णयावरून वाहिनीच्या वृत्तविभागाच्या प्रमुखांनी, फ्रेड फ्रेंडली यांनी, राजीनामा दिला. बाईंनी लिहिले आहे, की एवढ्या मोठ्या देशात ज्या माणसाची साक्ष ऐकणे अभ्यासक्रमात हवे, त्याच्या वेळी वर्गाला सुट्टी देण्यात आली.

चौथे पत्र वाचताना मात्र मी खुर्चीत सरसावून बसले. ते नोव्हेंबर १९६६ चे, ‘शेती’ या फोल्डरमधले, आणि त्यात हिंदुस्थानचा उल्लेख आहे. तिच्या चर्चच्या महिला मंडळाने बिहारमधल्या दुष्काळाविषयी वाचले होते. पी. एल. ४८० या अमेरिकेच्या अन्नमदतीच्या कायद्याखाली भारताला जाणारा गहू जॉन्सन एका वेळी महिना-दोन महिन्यांपुरताच सोडत होते. शेतीधोरण बदलण्यासाठी भारतावर दबाव ठेवणे हा एक हेतू होता, आणि उत्तर व्हिएतनामवरच्या बॉम्बफेकीवर भारत टीका करतो याचा रागही होता. बाईंचा प्रश्न असा: बॉम्ब मोजून पाठवले जात नाहीत, मग गहूच का मोजला जातो? बाबांना मी हे नंतर फोनवर सांगितले. ते क्षणभर गप्प बसले आणि म्हणाले, “अगं, आम्ही त्या लाल गव्हासाठी रेशनच्या रांगेत पिशवी धरून उभे असायचो. पोळ्या अशा चिवट व्हायच्या, की तुझी आजी कणीक मळताना अमेरिकेच्या नावाने बोटे मोडायची. तिकडे एक बाई आमच्यासाठी भांडत होती म्हणतेस?” भांडत होती, बाबा, आणि तिचे पत्र शेतीच्या फोल्डरमध्ये होते, गव्हाचे आहे म्हणून.

पाचव्या पत्राने माझा अंदाज चुकवला. ४ एप्रिल १९६७ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांनी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये युद्धाविरुद्ध भाषण केले. आज त्या भाषणाचे सगळे गोडवे गातात, पण त्या आठवड्यात न्यूयॉर्क टाइम्स आणि वॉशिंग्टन पोस्ट यांनी अग्रलेखांतून किंग यांना धारेवर धरले होते, आणि नागरी हक्कांची चळवळ युद्धविरोधाशी जोडू नये असा ठराव त्या चळवळीतल्याच सर्वांत जुन्या संस्थेने केला होता. आमच्या बाईंनाही किंग यांचे म्हणणे पटले नव्हते. ज्या राष्ट्राध्यक्षाने इतके दिले त्याला दुखावून उरलेले कसे मिळवणार, असे त्यांनी विचारले आहे. युद्ध त्यांना आवडत नव्हतेच, तसे त्याच पत्रात दोनदा लिहिलेले आहे. कार्यालयाने पत्र पुन्हा ‘बाजूने’ मध्ये घातले. खरे तर या एका पत्रात त्या काळातल्या उदारमतवाद्यांची सगळी कोंडी आहे. जॉन्सन यांच्यानंतर आलेल्या रिपब्लिकन निक्सन यांच्यावर टीका करणे त्यांना पुढे सोपे गेले. जॉन्सन मात्र घरातला माणूस होता, आणि घरातल्या माणसाविरुद्ध लिहिताना आधी दोन पाने आभार मानावे लागतात.

सहावे पत्र ‘संकीर्ण’ मध्ये होते, जिथे वेडगळ आणि शिवराळ पत्रे टाकत. मी ते आधी बाजूला ठेवले होते, कारण ते पत्र नव्हतेच. सिनेटरांच्या कार्यालयाने पाठवलेले छापील साच्याचे उत्तर होते. त्या काळी अशी उत्तरे रोबोटाइप नावाच्या यंत्रावर निघत: मजकूर आधीच ठरलेला, फक्त नाव-पत्ता बदलायचा. “राष्ट्राध्यक्षांवर अत्यंत मोठी जबाबदारी आहे. आपल्या मताची मी काळजीपूर्वक नोंद घेतली आहे.” १९६५ पासून सगळ्यांना हेच उत्तर गेले होते. बाईंनी डिसेंबर १९६७ मध्ये ते लाल शाईने तपासून परत पाठवले होते. एक स्वल्पविराम त्यांनी घातला होता, “अत्यंत” खोडला होता, आणि “आपल्या मताची” या शब्दांभोवती वर्तुळ काढून समासात लिहिले होते, “मी मत दिले नव्हते, प्रश्न विचारला होता.” प्रश्न खाली पुन्हा दिला होता: हे धोरण चुकले असे कशावरून मानायचे, ते आपण आजच सांगाल का? किती माणसे, किती वर्षे, किती पैसे? तेव्हा व्हिएतनाममध्ये जवळजवळ पाच लाख अमेरिकन सैनिक होते. तळाशी, जिथे गुण देतात तिथे, “पुन्हा लिहून आणावे” असा शेरा होता. मी तळघरात एकटीच मोठ्याने हसले. मग कागदाच्या कोपऱ्यात कारकुनाची पेन्सिलीतली नोंद दिसली: “रोबो ३ पाठवला.” म्हणजे त्या प्रश्नालाही उत्तर म्हणून साच्यातलेच पत्र गेले होते.

दुपारी मी नियमाप्रमाणे मोजून पाहिले. या सातांपैकी दहाव्या क्रमांकावर येणारे एकच पत्र होते, आणि ते होते ऑगस्ट १९६५ चे, ‘बाजूने’ मधले. नमुन्याच्या नियमाने ही बाई इतिहासात जॉन्सन यांच्या युद्धाची समर्थक म्हणून उरणार होती.

सातही कागद घेऊन मी आमच्या विभागप्रमुख बाईंकडे गेले. त्या निवृत्तीला आलेल्या, मितभाषी आणि नियमाच्या पक्क्या. त्यांनी चष्मा लावून सगळी पत्रे वाचली, लाल शाईच्या कागदावर जरा थांबल्या, आणि म्हणाल्या, की वेगळा फोल्डर करता येणार नाही. मूळ कार्यालयाने कागद ज्या क्रमाने लावले तो क्रम हाही पुरावाच असतो. ‘बाजूने’ असे चुकीचे लावले गेले असेल, तर ती चूकही आपण जपायची असते. मी वाद घातला, आणि आता वाटते, की थोडा जास्तच घातला. अखेर त्यांनी एक मार्ग काढला: विशेष नमुना म्हणून सातही पत्रे राखायची, पण आपापल्या जागी, आणि संग्रहाच्या सूचीत एका ओळीची नोंद करायची, म्हणजे संशोधकाला ती एकमेकांशी जोडता येतील. नाव द्यायचे नाही, कारण ती खाजगी व्यक्ती होती.

ओळ लिहायला मला दुपारचे उरलेले तीन तास लागले. ‘युद्धविरोधी शिक्षिका’ लिहिले आणि पाचव्या पत्रासाठी खोडले. ‘प्रशासनाची समर्थक’ तर दुसऱ्याच ओळीत खोटे ठरत होते. शेवटी लिहिले: “एकाच मतदाराची सात पत्रे, १९६४ ते १९६८, प्रशासनाच्या सामाजिक कायद्यांना पाठिंबा आणि युद्धाविषयी प्रश्न.” विभागप्रमुख बाईंनी ‘प्रश्न’ च्या आधी ‘वाढते’ घालावे का, असे विचारले. मी नको म्हटले, कारण प्रश्न पहिल्यापासून तोच होता. वाढली होती ती रेघेची जाडी.

सातवे पत्र सर्वांत छोटे आहे. दोन महिन्यांत बरेच काही घडून गेले होते. १९६८ च्या जानेवारीच्या अखेरीस व्हिएतनाममध्ये साम्यवाद्यांचा मोठा हल्ला, टेट हल्ला, झाला. उपराष्ट्राध्यक्ष हम्फ्री ज्या उदारमतवादी संघटनेच्या संस्थापकांपैकी होते, तिनेच जॉन्सन यांना सोडून, पक्षाच्या उमेदवारीसाठी त्यांच्याविरुद्ध उभे राहिलेले युद्धविरोधी सिनेटर युजीन मॅकार्थी यांना पाठिंबा दिला, आणि त्यावरून कामगार पुढारी तिच्यातून बाहेर पडले. १२ मार्चला न्यू हॅम्पशायरमधल्या पक्षांतर्गत निवडणुकीत मॅकार्थी यांना बेचाळीस टक्के मते मिळाली. ३१ मार्चच्या रात्री जॉन्सन यांनी बॉम्बफेक अंशतः थांबवत असल्याचे आणि आपण पुन्हा उभे राहणार नसल्याचे सांगितले. बाईंचे पत्र २ एप्रिलचे आहे. “युद्ध थांबवा, असे मी लिहीत होते. तुम्ही जा, असे मी कधीच लिहिले नव्हते. पण तुमच्या ढिगांत या दोहोंना एकच जागा असावी, असा मला संशय आहे.” त्यानंतर गरिबांसाठीच्या योजनांचे आता काय होणार, एवढे विचारून सही.

कार्यालयाचा पोचशिक्का ८ एप्रिलचा आहे. ४ तारखेला मेम्फिसमध्ये किंग यांची हत्या झाली होती आणि वॉशिंग्टन जळत होते. उत्तराची कार्बन कॉपी सोबत नाही. डाव्या कोपऱ्यात क्लिपचा गंजाचा ठसा मात्र आहे, म्हणजे काहीतरी जोडलेले होते. मी पांढरी चिठ्ठी घेतली, पेन्सिलीने “जोडपत्र गहाळ” असे लिहिले, ती पत्रामागे सरकवली, आणि फोल्डर ‘विरोधात’ च्या खोक्यात जिथे होता तिथे परत ठेवला. सव्वापाचची बस चुकली होती.